महापालिकेच्या उद्यान, क्रीडा आणि नाट्यगृह सेवांमध्ये करिअर करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

वेलबुट्टी

नमस्कार. मी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून उद्यानविद्येची पदवी घेतली असून सध्या पुण्यात बागा उभारून देणाऱ्या एका खासगी ठेकेदाराकडे नोकरी करते. आमची बरीच कामे महापालिका आणि नगरपरिषदांच्या निविदांमधून येतात. काम पूर्ण झाले की बाग हस्तांतरित करायची, देयक सादर करायचे आणि पुढच्या साइटवर जायचे, असा आमचा क्रम असतो. मला मात्र त्यानंतरच्या गोष्टींमध्ये अधिक रस वाटू लागला आहे: त्या बागेत कोण येते, कोण येत नाही, वस्तीच्या अगदी लगतच्या क्रीडांगणावर मुली का दिसत नाहीत, तरणतलाव ऐन मे महिन्यात बंद का असतो, नाट्यगृह आठवड्यातील चार दिवस रिकामे का राहते.

लोकांच्या फावल्या वेळासाठी स्थानिक स्वराज्य संस्था ज्या सोयी उभ्या करतात, त्यांचा एकत्रित विचार करणारे, त्या वाढवणारे आणि सुधारणारे काम मला करायचे आहे. असे एखादे पद खरोखर अस्तित्वात आहे का? असल्यास त्यासाठी कोणती पात्रता लागते? परदेशात लेझर (leisure) मॅनेजमेंट, म्हणजे फावल्या वेळाच्या सोयींचे व्यवस्थापन, या नावाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. कर्ज काढून तो करण्यात अर्थ आहे का? घरून एमपीएससीचा आग्रह आहे, परंतु तहसीलदार किंवा मुख्याधिकारी होण्याची मला ओढ नाही. प्रत्यक्ष या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माजी_अधीक्षक

आपण वर्णन केले आहे तसे एकच पद महाराष्ट्रातील कोणत्याही महापालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, माझ्या पाहण्यात आलेले नाही. काम आहे, पण ते वाटले गेलेले आहे. बागा उद्यान विभागाकडे, मैदाने आणि व्यायामशाळा क्रीडा विभागाकडे, नाट्यगृहे कुठे सांस्कृतिक विभागाकडे तर कुठे मालमत्ता विभागाकडे, या सर्वांच्या इमारती स्थापत्य अथवा भवन विभागाकडे आणि दिवे व पंप विद्युत विभागाकडे. हे सारे एका टेबलावर येते ते उपायुक्त पातळीवर, आणि त्या उपायुक्तांकडे बहुधा आणखी दोन-तीन विभागांचा कार्यभार असतो. म्हणून एका दाराने आत शिरायचे आणि उरलेल्या खोल्या हळूहळू पाहून घ्यायच्या, असाच हा मार्ग आहे.

आपल्यासाठी ते दार उद्यान विभागाचे आहे. उद्यान निरीक्षक, सहायक उद्यान अधीक्षक, उद्यान अधीक्षक अशी साधारण पायरी असते. पदनामे महापालिकेगणिक बदलतात, मुंबईत उद्यान सहायक हे पद आहे. कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी यासाठी चालते, तथापि प्रत्येक महापालिकेचे सेवाप्रवेश नियम वेगळे असल्याने जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. भरती सरळसेवेने, म्हणजे बढतीने नव्हे तर थेट परीक्षेतून, होते आणि परीक्षा सहसा टीसीएस किंवा आयबीपीएसमार्फत घेतली जाते. जाहिराती मात्र क्वचित निघतात. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की नवीन भरतीला शासनाची आडकाठी येते आणि अनेक महापालिका ती मर्यादा ओलांडून बसलेल्या आहेत. त्यातून वाट निघालीच तर बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची, याची नोंदवही) तपासून घेण्यात महिने जातात. त्यामुळे केवळ आपल्या गावच्या महापालिकेची वाट पाहत बसू नये.

या सेवांचे कायद्यातील स्थान काय आहे, हे आपण आधी समजून घ्यावे, कारण पुढची सगळी ओढाताण त्यातूनच येते. ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यातील १८ विषयांमध्ये उद्याने, बगीचे, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हा एक विषय आहे आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देणे हा दुसरा. वाचताना भरवसा वाटतो. परंतु मुंबई वगळता इतर शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बागा, तरणतलाव, नाट्यगृहे या गोष्टी कलम ६६ मध्ये, म्हणजे महापालिकेने स्वेच्छेने करावयाच्या कामांमध्ये येतात. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण कलम ६३ मध्ये, म्हणजे बंधनकारक कामांमध्ये. पैशाची चणचण भासली की कात्री कुठे चालते, हे निराळे सांगायला नको.

त्यातही एक मेख आहे. निधी भांडवली, म्हणजे नव्या उभारणीच्या, कामांना सहज मिळतो, महसुली, म्हणजे रोजच्या देखभालीच्या, खर्चाला मिळत नाही. नवी बाग, नवे कारंजे, नवे प्रवेशद्वार यांना कोनशिला असते आणि कोनशिलेवर नावे असतात. त्याच कारंज्याचा पंप जळाला की काय होते ते पाहा: पंप विद्युत विभागाचा, पाण्याची टाकी स्थापत्यची, भोवतालची हिरवळ आपली. मूळ ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड त्याने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, नुकताच संपलेला असतो. सुटा भाग दरसूचीत (मंजूर दरांच्या यादीत) नसतो, म्हणून दरपत्रके मागवावी लागतात, ती तीन आली नाहीत की नस्ती, म्हणजे फाइल, परत येते, आणि तोवर त्या हौदात पावसाचे पाणी साचून मलेरिया विभागाची नोटीस आपल्याच नावाने निघते. कारंजे मंजूर करून घेण्यापेक्षा ते पाचव्या वर्षी चालू ठेवणे हे या क्षेत्रातील खरे कौशल्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला एखाद्या सुविधेच्या प्रस्तावातच पुढील काही वर्षांच्या देखभालीची तरतूद आणि जबाबदार विभागाचे नाव लिहून घेता येते, तो अधिकारी शोभिवंत आराखडे काढणाऱ्या दहा जणांहून अधिक उपयोगी ठरतो.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. उद्यान विभागात आल्यावर आपला निम्मा वेळ बागांमध्ये नव्हे, तर झाडांच्या फायलींमध्ये जाईल. झाडांचे संरक्षण व जतन करण्याच्या १९७५ च्या राज्य अधिनियमाखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते आणि वृक्ष अधिकाऱ्याचे काम बहुधा उद्यान विभागाकडेच येते. बांधकामासाठी झाड तोडण्याचा अर्ज, स्थळपाहणी, झाडावर नोटीस डकवणे, हरकती, सुनावणी, न्यायालयीन प्रकरणे हे सर्व त्यात आले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाल्यामुळे झाडाचे वय ठरवण्याचा नवा वादही आपल्या टेबलावर येतो. हे काम महत्त्वाचे आहे, पण बागेत कोण येत नाही याचा विचार करायला त्यातून वेळ काढावा लागतो.

तो काढणारे फार थोडे. अनेक बागा सकाळी काही तास आणि पुन्हा संध्याकाळी अशा दोन सत्रांत उघडतात व दुपारी कुलूप लावतात. दुपारची वेळ कोणाची? घरकाम आटोपून तासभर मोकळ्या झालेल्या बायकांची, शाळा सुटलेल्या मुलांची, अभ्यासाला जागा नसलेल्या विद्यार्थ्यांची. कारण विचारले तर सुरक्षारक्षकाची पाळी आणि प्रेमी युगुलांच्या तक्रारी, ही दोन उत्तरे मिळतात. यापैकी पहिल्यावर निविदेत एक पाळी वाढवून उपाय होतो. दुसरे मला कधीही कुलूप लावण्याचे कारण वाटले नाही.

पडद्यामागे

मी एका महापालिकेच्या नाट्यगृहाची व्यवस्था पाहतो. वरील प्रतिसादात उद्यानांची बाजू उत्तम आली आहे, त्यामुळे मी केवळ नाट्यगृहांविषयी लिहितो, कारण आपण ‘नाट्यगृह आठवड्यातील चार दिवस रिकामे का राहते’ असे विचारले आहे.

नाट्यगृहाचा दिवस सकाळ, दुपार आणि रात्र अशा सत्रांत विकला जातो. शनिवार-रविवारच्या दुपार व रात्रीच्या सत्रांवर व्यावसायिक नाटकांचे निर्माते, ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलने आणि पुरस्कार सोहळे असे सर्वजण तुटून पडतात. मंगळवारी दुपारी मात्र झाडू मारणाऱ्या मावशींशिवाय आत कोणी नसते. काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटल्या जातात. कोणाला किती द्यायच्या, प्रायोगिक आणि बालनाट्यांसाठी काही राखायच्या की नाही, भाड्यात सवलत कोणाला, रद्द केल्यास अनामत किती कापायची, हे सर्व कागदावर नियम म्हणून असते. परंतु ऐन वेळी एखाद्या शासकीय किंवा राजकीय कार्यक्रमासाठी महिनाभर आधी विकलेली तारीख काढून घ्यावी लागते तेव्हा निर्मात्याला फोन करणारी व्यक्ती आपणच असतो. ज्याची तिकिटे विकली गेली आहेत, त्याला ती तारीख गेल्याचे कसे सांगायचे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचे मार्गदर्शन होते आणि नाटक जाणणारा माणूस रचनेत असला की काय फरक पडतो, हे तिथे रंगमंच, विंगा व प्रेक्षागृह यांच्या प्रमाणात जाणवते. त्यानंतर राज्यभर उभी राहिलेली बरीच नाट्यगृहे ही आधी इमारती आहेत. कुठे नेपथ्याचा ट्रक मागच्या दारापर्यंत पोहोचत नाही, कुठे मेकअप रूममधून रंगमंचावर यायला प्रेक्षकांमधून यावे लागते. आपण या क्षेत्रात येणार असाल तर नकाशा मंजूर होण्यापूर्वी एखाद्या अनुभवी नेपथ्य व्यवस्थापकाला तो दाखवण्याचा आग्रह धरावा. त्याला मानधन द्यावे लागले तरी ते इमारतीच्या खर्चाच्या मानाने नगण्य असते.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. त्यानंतर आपापल्या नाट्यगृहातील पडदे, जुनी वायरिंग, बंद करून ठेवलेली आपत्कालीन दारे यांकडे सर्वांचे लक्ष गेले. ही तपासणी नित्याच्या कामात बसवणे हे व्यवस्थापकाचे काम आहे, आणि ते करणाऱ्याला ‘कटकट्या’ ही पदवी विनापरीक्षा मिळते.

पात्रतेबाबत सांगायचे तर व्यवस्थापकाची जागा अनेक ठिकाणी लिपिक संवर्गातून बढतीने किंवा नुसत्या कार्यभाराने भरली जाते. त्यामुळे आपण उद्यान विभागात असलात आणि रस दाखवलात, तर नाट्यगृहाचा अतिरिक्त कार्यभार मिळणे अशक्य नाही. तो फारसा कोणी मागत नाही.

टेम्सकाठचा

परदेशी पदवीविषयी लिहितो, कारण मी ब्रिटनमध्ये एका लेझर सेंटरच्या व्यवस्थापनात आहे. इथे आपण म्हणता तसे करिअर खरोखर आहे: ड्युटी मॅनेजर, सेंटर मॅनेजर, त्यानंतर कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेत, त्या संपूर्ण सेवेची आखणी करणारे पद. व्यवसायाची सिम्स्पा नावाची सनदी संस्थाही आहे. पण चित्र रम्य समजू नये. इथेही लेझर सेवा कौन्सिलला बंधनकारक नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ग्रंथालये १९६४ च्या कायद्यामुळे बंधनकारक आहेत, तरणतलाव नाहीत. त्यामुळे अनेक कौन्सिलांनी केंद्रे ट्रस्टकडे किंवा कंपन्यांकडे चालवायला दिली आहेत. ग्रिनिच कौन्सिलची केंद्रे १९९३ मध्ये तिथल्याच कर्मचाऱ्यांनी काढलेल्या संस्थेकडे गेली आणि आज ती संस्था देशभर केंद्रे चालवते. २०२२ मध्ये वीज व गॅसचे दर भडकले तेव्हा कित्येक तलावांचे तास कमी झाले आणि काही कायमचे बंद पडले.

इथल्या पदवीत मागणीचा अंदाज, दर ठरवणे, सुरक्षेचे नियम, करार लिहिणे हे नीट शिकवतात. मात्र महाराष्ट्रातील एकाही सेवाप्रवेश नियमात त्या पदवीचे नाव नसेल, तर ती घेऊन आपण ज्या रांगेत उभ्या राहणार त्या रांगेत आपला क्रमांक वर सरकणार नाही. इथे स्थायिक व्हायचे नसेल तर कर्ज काढू नये. त्याऐवजी मुंबईतील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही १९२६ पासूनची संस्था जे पदविका अभ्यासक्रम चालवते ते पाहावेत; कमी खर्चात महापालिकेची भाषा तरी अंगवळणी पडेल.

वेलबुट्टी

सर्वांचे मनापासून आभार. माजी_अधीक्षक सर, झाडांच्या फायलींचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. एक नवा प्रश्न आहे. एका महापालिकेच्या क्रीडा संकुलात, जिथे तरणतलाव आणि बाग दोन्ही आहेत, तिथे अकरा महिन्यांच्या मानधनावर समन्वयकाची जागा ठेकेदारामार्फत मिळू शकते. पगार सध्यापेक्षा कमी आहे. जाहिरात निघेपर्यंत ती स्वीकारावी का?

निळा_तळ

मी तरणतलाव असलेल्या अशाच एका संकुलाची व्यवस्था पाहते, म्हणून लिहिते. वेलबुट्टी ताई, शिकण्यासाठी जरूर स्वीकारा, कायम होण्याच्या आशेने स्वीकारू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर निव्वळ कंत्राटी सेवेच्या आधारावर कायम नेमणुकीचा हक्क सांगता येत नाही, आणि आपली नेमणूक तर महापालिकेचीही नसून ठेकेदाराची असेल. अनुभवाचे प्रमाणपत्र कोणाच्या सहीने मिळणार, हे रुजू होण्यापूर्वी विचारून घ्या. ठेकेदाराच्या लेटरहेडवरील प्रमाणपत्र अनेकदा छाननीत बाजूला पडते. संकुलप्रमुखांची प्रतिस्वाक्षरी मिळाली तर बरे. भविष्य निर्वाह निधीचा भरणा दरमहा होतो का, हेही ऑनलाइन तपासत राहा.

शिकायला मिळेल ते असे. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी असते. ते रोज बदलता येत नाही, म्हणून गाळून आणि निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे. सकाळी पहिली बॅच पाण्यात उतरण्यापूर्वी आणि दिवसातून पुन्हा काही वेळा काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकायची व गुलाबी रंग तक्त्याशी जुळवून पाहायचा. मुक्त क्लोरीन (निर्जंतुकीकरणासाठी अजून शिल्लक असलेले) साधारण १ ते ३ पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत १ ते ३ भाग, आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ राहिला पाहिजे. उघड्या तलावात दुपारच्या उन्हाने क्लोरीन झपाट्याने उडते, त्यामुळे संध्याकाळच्या बॅचपूर्वीची तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच चुकवली जाते. पाण्याला उग्र वास येऊ लागला की लोक ‘क्लोरीन जास्त टाकले’ अशी तक्रार करतात, प्रत्यक्षात तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्याने येतो आणि बहुतेक वेळा मुक्त क्लोरीन कमी पडल्याची ती खूण असते. तलावात उतरण्यापूर्वी शॉवर सक्तीचा का, हे पालकांना पटवण्यासाठी मी हेच समजावून सांगते.

तलाव मे महिन्यात बंद का, याचे उत्तर दोन कागदांत असते. पहिला, पाणीकपातीचा आदेश. धरणातील साठा घटला की तलावांचे पाणी प्रथम तोडले जाते. दुसरा, जीवरक्षकांच्या निविदेची मुदत. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, नव्या निविदेचा कार्यादेश वेळेत निघत नाही आणि जीवरक्षक नसताना तलाव उघडणे हा गुन्ह्याइतकाच निष्काळजीपणा आहे. ही निविदा डिसेंबरमध्येच लावून घेतली, तर ऐन सुट्टीतला दीड महिना वाचतो. एवढे एक काम जरी आपण त्या संकुलात करून दाखवले, तरी आपली तिथली उपस्थिती सार्थकी लागेल.

महिलांच्या बॅचविषयी आपल्या पहिल्या प्रश्नात सूचक उल्लेख आहे, म्हणून थोडे अधिक लिहिते. बहुतेक ठिकाणी महिलांसाठी दिवसातील एकच तास ठेवतात आणि तोही असा की नोकरी करणारीला आणि शाळकरी मुलीला, दोघींनाही गैरसोयीचा. मग प्रतिसाद नाही म्हणून तो तासही कमी करण्याचा प्रस्ताव येतो. आमच्याकडे वेळ संध्याकाळची केली, जीवरक्षक व प्रशिक्षक महिला नेमल्या, बॅचच्या वेळेत फाटकावर पुरुष कर्मचारी ठेवला नाही आणि कपडे बदलण्याच्या खोलीतील तुटलेल्या कड्या बदलल्या. यांतल्या कड्या सर्वांत स्वस्त होत्या आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोगी त्याच ठरल्या.

माजी_अधीक्षक

निळा_तळ यांच्याशी सहमत आहे. प्रतिस्वाक्षरीचा सल्ला विशेष मोलाचा.

त्या जागेवर असताना दर ठरवण्याची प्रक्रिया जवळून पाहावी, कारण पुढे वरिष्ठ पदावर हाच विषय सर्वाधिक घाम काढतो. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, पेंग्विन आल्यानंतर २०१७ मध्ये प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्रित तिकीट मात्र त्याच प्रस्तावात होते. एकट्या प्रौढाला दहापट दर आणि चौघांच्या कुटुंबाला माणशी २५ रुपये, ही रचना मला त्यातील विचार करण्याजोगी बाब वाटते. आपल्या संकुलातील मासिक पास, विद्यार्थ्यांचा दर, ज्येष्ठांची सवलत यांचे आकडे घेऊन अशी मांडणी करून पाहावी.

परीक्षेसाठी मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि विषयज्ञान असे साधारण स्वरूप असते. आपल्याला विषयज्ञानाचा भाग जड जाणार नाही, गुण जातात ते मराठी व्याकरणात. याशिवाय जिथे अर्ज करणार त्या महापालिकेचे दोन दस्तऐवज संकेतस्थळावरून काढून वाचावेत. एक अर्थसंकल्प, त्यातही उद्यान व क्रीडा या शीर्षांखालील भांडवली आणि महसुली रकमा शेजारी मांडून. दुसरा विकास आराखडा, त्यातील उद्यान व क्रीडांगणाची आरक्षणे, म्हणजे त्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा संपादन करण्याची नोटीस, देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. अशा सूचना बहुधा नगररचना विभागाकडे येऊन पडतात आणि उद्यान विभागाला जागा गेल्यावर कळते. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात नगररचनेतून त्या सूचनांची यादी लेखी मागवावी. ती सहजासहजी देणार नाहीत. स्मरणपत्राची प्रत उपायुक्तांना पाठवावी, म्हणजे मिळते.